इंग्लंडच्या कालव्यावर नॅरोबोटीने एक आठवडा: आखणीपासून नाव परत देईपर्यंत

उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा आले, मुलांना सुट्टी लागली, की इंग्लंडातल्या मराठी घरांत कधीतरी नॅरोबोटीचा, म्हणजे कालव्यावरच्या लांब, अरुंद नावेचा, विषय निघतो. भाड्याची नाव चालवायला परवाना लागत नाही, आधीचा अनुभव लागत नाही, नावेतच रांधायचं आणि नावेतच झोपायचं. हे सगळं खरं आहे. तरीही अनेकांचं तेच होतं: तिसऱ्या दिवशी सगळे दमलेले, आपापसात धुसफूस, आणि शेवटचे दोन दिवस नुसती परत पोचायची धावपळ. याचं कारण बहुतेक वेळा नावेवर पाय ठेवण्याआधीच घडलेलं असतं. लोक मैल मोजतात, तास मोजत नाहीत. दुसरी चूक लॉकवर, म्हणजे पाणी भरून किंवा सोडून नाव वर-खाली नेणाऱ्या दरवाज्यांच्या कुंडीवर होते: कामांचा क्रम सोडून घाई. पहिल्या चुकीने सुट्टी बिघडते, दुसरीने नाव बुडू शकते.

उदाहरणासाठी एकच मार्ग घेतो: ऑक्सफर्ड कालव्याचा दक्षिण भाग, वॉरिकशरमधल्या नॅप्टनपासून ऑक्सफर्डशरमधल्या बनबरीपर्यंत आणि त्याच वाटेने परत. नवख्या कुटुंबाने पहिल्यांदा हाच किंवा याच्यासारखा मार्ग घ्यावा असं माझं ठाम मत आहे. लॉक अरुंद आहेत, एका वेळी एकच नाव मावते. शेजारच्या नावेला सांभाळत बसावं लागत नाही. चढ आणि उतार दोन्ही येतात. शिवाय वाटेतल्या कुठल्याही नाव वळवायच्या जागेवरून मागे फिरता येतं.

## १. मार्ग तासांत मोजा

कालव्यावर वेगाची मर्यादा ताशी ४ मैल आहे, पण प्रत्यक्षात सरासरी ३ मैलच पडते. बांधून ठेवलेल्या नावांपाशी वेग कमी करावा लागतो, अरुंद पुलांपाशी थांबावं लागतं. म्हणून हिशेब असा करा:

मैल + लॉक, भागिले ३ = तास

म्हणजे एका लॉकला सरासरी वीस मिनिटं. सरावलेले लोक लवकर करतात. तुम्ही वीसच धरा.

नॅप्टनच्या पायथ्यापासून बनबरी सुमारे २० मैल, वाटेत २२ लॉक. बेरीज ४२, म्हणजे १४ तास. जाऊन-येऊन २८ तास. मधले सहा पूर्ण दिवस धरले तर रोज पाच तासांहून कमी. याला निवांत प्रवास म्हणता येईल.

आता दुसरं टोक बघा. फोर काउंटीज रिंग हा गोल मार्ग कागदावर फार मोहक दिसतो: आलेल्या वाटेने परतायचं नाही, रोज नवा प्रदेश. पण तो सुमारे ११० मैलांचा आहे आणि त्यात ९४ लॉक आहेत. ६८ तास. एका आठवड्यात बसवायचा तर रोज जवळपास दहा तास टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, धरून उभं राहायचं. गोल मार्गात आणखी एक अडचण आहे. अर्धं अंतर कापल्यावर मागे फिरण्यात काहीच फायदा उरत नाही, आणि पुढचं एखादं लॉक बंद पडलं तर तुम्ही अडकता.

आखणी करताना हे चार नियम पाळा:

- रोज पाच तास, फार तर सहा. आई-बाबा किंवा लहान मुलं बरोबर असतील तर चार.
- पहिला दिवस धरूच नका. नाव दुपारी दोन-तीनच्या सुमाराला ताब्यात मिळते, शिकवणीत एक-दीड तास जातो.
- शेवटच्या सकाळी नाव साधारण नऊच्या आत परत द्यायची असते. आदल्या रात्रीचा मुक्काम नाव भाड्याने देणाऱ्यांच्या तळापासून तासाभराच्या आत हवा.
- निदान अर्धा दिवस मोकळा ठेवा: पाऊस, बिघाड, किंवा आवडलेलं गाव यांच्यासाठी.

जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, म्हणून "संध्याकाळी अजून चार तास मारू" असा मोह होतो. संध्याकाळी हात थकलेले असतात आणि लॉकवर मदतीला कोणी नसतं. पाच वाजता नाव बांधायचं ठरवा. चांगल्या जागाही तेव्हाच मिळतात, सातनंतर गावाजवळ सहसा नाही.

तपासा: बुकिंग करण्याआधी, निघण्याच्या आदल्या आठवड्यात आणि निघायच्या सकाळी, अशा तीन वेळा कालव्यांचा कारभार बघणाऱ्या कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्टच्या संकेतस्थळावर मार्गावरच्या बंदच्या सूचना वाचा. २०२५ च्या कोरड्या उन्हाळ्यात पाण्याअभावी लीड्स-लिव्हरपूल आणि मॅकल्सफील्डसारख्या कालव्यांवर लॉक बंद ठेवावे लागले होते. ऑक्सफर्ड कालव्याच्या माथ्याला, म्हणजे सर्वांत उंच भागालाही, पाण्याची टंचाई भासते. त्यामुळे काही लॉक ठरावीक वेळेतच उघडे असतात आणि संध्याकाळी त्यांना कुलूप लागतं. ती वेळ आखणीत लिहून ठेवा.

## २. नाव निवडणं

नॅरोबोटीची रुंदी ठरलेली, सात फुटांच्या आत. लांबी तेवढी तुमच्या हातात. ५७ फुटांपर्यंतची नाव देशातल्या जवळजवळ सगळ्या कालव्यांवर चालते. नवख्यांनी याच्या वर जाऊ नये. लांब नाव वळवायला विंडिंग होल, म्हणजे काठात कोरलेली रुंद जागा, तेवढ्याच मापाची लागते. नकाशात प्रत्येक विंडिंग होलपाशी किती फुटी नाव वळेल हे दिलेलं असतं. बनबरीला पोचून वळायचं असेल तर तो आकडा आणि तुमच्या नावेची लांबी आधीच ताडून घ्या.

जाहिरातीतल्या "सहा जणांसाठी" या शब्दांवर विसंबू नका. त्यात जेवणाचं टेबल खाली करून होणारा पलंग धरलेला असतो. तो रोज रात्री मांडायचा, रोज सकाळी मोडायचा. चार माणसांसाठी सहाची नाव घ्या. आई-बाबांना कायमचा पलंग असलेली खोली द्या आणि आराखडा मागवून त्या पलंगाची रुंदी बघा.

मागचा डेक कसा आहे हेही विचारा. क्रूझर पद्धतीचा डेक मोकळा असतो, चार-पाच जण टिलरजवळ उभे राहू शकतात. लहान मुलं असतील तर सेमी-ट्रॅड बरा, त्याला बाजूंनी आडोसा असतो. संडास दोन प्रकारचे: मोठ्या टाकीचा पंप-आउट, किंवा दर दोन दिवसांनी स्वतः नेऊन रिकामा करायचा कॅसेटचा. कुटुंबासाठी पंप-आउट घ्या, आठवडाभर बघावं लागत नाही.

डिझेल भाड्यात धरलंय की वेगळं, नुकसानीची अनामत किती, मुलांच्या मापाची लाइफजॅकेट मिळतील का, या तीन गोष्टी लेखी विचारा.

## ३. सामान

कडक सुटकेस आणू नका, ठेवायला जागा नसते. घडी होणाऱ्या पिशव्या आणा.

- चपला: न घसरणारे, बंद बूट. सँडल आणि स्लिपर लॉकच्या ओल्या दगडावर घसरतात.
- कपडे: ओढणी, पदर, लांब स्कार्फ, लोंबणारी दोरी असलेलं जॅकेट हे काहीही टिलरजवळ किंवा लॉकवर नको. लॉकच्या दातेरी चक्रात कापड गेलं तर हातही जातो. आईला साडीच नेसायची असेल तर तिने लॉकच्या वेळी नावेत पुढे बसावं किंवा काठावर लांब थांबावं.
- हातमोजे: बागकामाचे जाड, प्रत्येकी एक जोडी. विंडलास (लॉकची झडप फिरवायचं हँडल) आणि ओले दोर यांनी पहिल्याच दिवशी फोड येतात.
- चष्म्याला दोरी, किल्लीला तरंगणारा बुचाचा गोळा. पाण्यात पडलेली वस्तू चिखलात बसते, मिळत नाही.
- पावसाळी कपडे, जुलै असला तरी.

स्वयंपाकाचं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्या घरांत इथेच गोंधळ होतो. शेगडी गॅसची असते आणि चांगली चालते. कुकर खुशाल न्या. पण वीज बॅटरीवर असते. मिक्सर, इलेक्ट्रिक किटली, केस वाळवायचं यंत्र लावलं की बॅटरी बसते. चटण्या, वाटणं, आलं-लसूण घरूनच वाटून डब्यांत भरून आणा. भाजणी किंवा थालीपिठाचं पीठ असेल तर पावसाळी संध्याकाळ सुखाची जाते. पाण्याची टाकी मोठी असली तरी चार जणांच्या अंघोळी आणि भांडी यांनी ती दोन दिवसांत तळाला जाते, म्हणून भांडी बादलीत एकत्र विसळा.

इशारा: केबिनमधली हवा येण्याची भोकं थंडी वाजते म्हणून कधीही बुजवू नका, आणि शेगडी पेटवून केबिन गरम करू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. विझत आलेला बार्बेक्यूसुद्धा आत आणायचा नाही. नावेतला अलार्म पहिल्याच दिवशी बटण दाबून वाजवून बघा.

इशारा: मुंबईकरांना लेप्टो माहीत आहे. उंदरांच्या मूत्रातून पसरणारा तोच आजार कालव्याच्या पाण्यातूनही होऊ शकतो. हाताला जखम असेल तर जलरोधक पट्टी लावा, जेवणाआधी साबणाने हात धुवा, आणि पाण्यात पोहायला उतरू नका. परतल्यावर ताप आला तर डॉक्टरांना कालव्यावर होतो हे सांगा.

## ४. ताबा घेताना

नॅप्टनला येण्यासाठी लेमिंग्टन स्पा किंवा रग्बीपर्यंत रेल्वे आणि पुढे टॅक्सी सोयीची. वेळेच्या आधी अर्धा तास पोचा. शनिवारी दुपारी तळावर एकाच वेळी चार-पाच कुटुंबं आलेली असतात आणि शेवटी येणाऱ्याला घाईघाईत दाखवलं जातं. दाखवताना फोनवर चित्रीकरण करा, आणि घरातल्या किमान दोघांनी सगळं ऐका.

हे दाखवल्याशिवाय कर्मचाऱ्याला सोडू नका: इंजिन चालू-बंद, तेल आणि पाणी बघायची जागा, स्टर्न ग्रीसर (नाव ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा नावेबाहेर जातो तिथे ग्रीस दाबायचा स्क्रू), वीड हॅच (पंख्यापर्यंत हात पोचवायचं झाकण), गॅसचा मुख्य कॉक, पाणी भरायचं तोंड, बॅटरीचा स्विच. नंतर सामान मोजा: किमान दोन विंडलास, जमिनीत ठोकायच्या खुंट्या, हातोडा, पत्र्याच्या काठाला अडकवायचे आकडे, लांब बांबू, फळी, जीवरक्षक कडं, पाण्याची नळी, आणि पाण्याच्या नळाची व सेवाकेंद्राची ट्रस्टची किल्ली.

पहिलं लॉक कर्मचाऱ्यासोबत करता येईल का, हे स्पष्ट विचारा. जवळ लॉक असेल तर बरेच जण येतात.

तपासा: नावेवर आधी असलेले ओरखडे आणि पोचे यांचे फोटो काढलेत का?

## ५. नाव चालवणं

टिलर डावीकडे ढकलला की नाव उजवीकडे वळते. दहा मिनिटांत याची सवय होते. नाव मध्यावर फिरते, याची सवय व्हायला दिवस लागतो: पुढचं टोक उजवीकडे गेलं की मागचं डावीकडे झुकतं आणि काठावर आदळतं. म्हणून वळण संपलं असं वाटल्यावरही मागे एकदा बघा.

नावेला ब्रेक नाही. थांबायचं तर इंजिन न्यूट्रलला आणून मग रिव्हर्स. रिव्हर्समध्ये टिलरचा काहीच उपयोग होत नाही, नाव वाटेल तिकडे जाते. तेव्हा आधी सरळ करा, मग थांबवा.

- समोरून नाव आली की आपण उजवीकडे व्हायचं. फार आधी काठाला जाऊ नका, गाळात रुतता. समोरची नाव तीन-चार नावांच्या अंतरावर आली की सरका.
- वळणाच्या बाहेरच्या बाजूला पाणी खोल असतं, आतल्या बाजूला गाळ.
- मागे वळून बघा. काठावर फुटणारी लाट दिसली तर वेग जास्त आहे. उथळ पाण्यात इंजिन वाढवलं की नावेचा मागचा भाग खाली बसतो आणि ती आणखी हळू जाते.
- बांधलेल्या नावांच्या बरंच आधीपासून इंजिन अगदी मंद करा. तुमच्या ओढीने त्यांच्या खुंट्या उपटतात.
- गळ टाकून बसलेले लोक दिसले तर मध्यातून, मंद, पण न थांबता जा.
- पुलाआधी आणि आंधळ्या वळणाआधी भोंगा लांब वाजवा.

इशारा: नाव पंधरा टनांच्या आसपास असते. काठाला किंवा पुलाला लागतेय असं दिसलं तर हात-पाय मध्ये घालून अडवायचा प्रयत्न कोणीही करायचा नाही. लागू द्या. तिला काही होत नाही, हाडाला होतं. पुलाखालून जाताना छतावर कोणी बसायचं नाही, आणि टिलर फिरतो त्या पट्ट्यात पाठ करून उभं राहायचं नाही.

गाळात रुतलात तर पुढे जोर लावू नका. रिव्हर्स द्या, सगळ्यांना खोल पाण्याच्या बाजूला उभं करा, आणि बांबूने काठ रेटा.

कोणी पाण्यात पडलं तर आधी इंजिन न्यूट्रलला. त्याच्या दिशेने रिव्हर्स कधीच नाही, पंखा फिरत असतो. बहुतेक ठिकाणी कालवा कमरे-छातीइतकाच असतो. "उभा राहा" असं ओरडून सांगा, कडं किंवा दोर टाका. त्याच्या मागोमाग पाण्यात उडी मारू नका. रुग्णवाहिका लागली तर ९९९ ला जवळच्या पुलाचा क्रमांक सांगा. तो कमानीवर लिहिलेला असतो. कोणता पूल ओलांडला हे एकाने नकाशावर बघत राहावं.

## ६. लॉक

लेखातला हा भाग दोनदा वाचा आणि नावेत छापून ठेवा.

### कामं वाटून घ्या

टिलरवर एक, पॅडलवर एक किंवा दोन. पॅडल म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणारी झडप. ती विंडलासने फिरवून वर घेतात. पॅडल उघडायचा हुकूम फक्त टिलरवाला देतो. इंजिनाच्या आवाजात ऐकू येत नाही, म्हणून खुणा ठरवा: अंगठा वर म्हणजे सोडा, दोन्ही हात डोक्यावर फुली म्हणजे सगळी पॅडलं लगेच बंद. पॅडलवाल्याची नजर फोनवर नको, शेजारच्या नावेतल्या गप्पांवर नको, पाण्यावर आणि नावेवर हवी. गजबजलेल्या ठिकाणी उन्हाळ्यात ट्रस्टचे स्वयंसेवक मदत करतात. त्यांनाही तुमची खूण समजावून सांगा, कारण नावेची जबाबदारी तुमचीच राहते.

### विंडलासचे नियम

- फिरवून झालं की खिट्टी दात्यात बसली आहे याची खात्री करा, मग विंडलास काढून घ्या. दांड्यावर तसाच सोडू नका. खिट्टी निसटली तर तो गरगर फिरतो आणि उडतो.
- निसटलाच तर पकडायला जाऊ नका, मागे सरा.
- पॅडल खाली सोडून देऊ नका, फिरवत उतरवा.
- दरवाज्याचा आडवा दांडा हातांनी ओढू नका. पाठ टेकवून पायांनी रेटा. हलत नसेल तर दोन्हीकडचं पाणी अजून सारखं झालेलं नाही. थांबा.
- एका दरवाज्यावरून दुसऱ्यावर उडी नाही. धावणं नाही.

लॉकमध्ये शिरण्याआधी नावेच्या बाजूंना लोंबणारे फेंडर (धक्का झेलणारे गोळे) वर घ्या. अरुंद लॉकमध्ये तेच पाचरीसारखे अडकतात.

### वर चढताना (नॅप्टनचे ९ लॉक)

१. लॉक रिकामं हवं. भरलेलं असेल तर आधी वरून कोणी येतंय का बघा. येत असेल तर त्याला येऊ द्या. एका अरुंद लॉकमध्ये लाखाहून जास्त लिटर पाणी जातं, ते फुकट घालवू नका.
२. वरचे दरवाजे आणि वरची पॅडलं बंद आहेत हे बघा.
३. खालचा दरवाजा उघडा, नाव मंद वेगाने आत घ्या.
४. खालचा दरवाजा आणि खालची पॅडलं बंद.
५. टिलरवाल्याची खूण. जमिनीतलं पॅडल अर्धं उघडा. थांबा. नाव पुढे-मागे ओढली जाते. ती शांत झाली की पूर्ण उघडा.
६. दरवाज्यावर पॅडल असेल तर त्याचं भोक पाण्याखाली गेल्यावरच उघडा. आधी उघडलं तर पाण्याचा लोट पुढच्या डेकवर येतो आणि आत शिरतो.
७. पातळी सारखी झाली की वरचा दरवाजा सहज उघडतो. नाव बाहेर काढा, दरवाजा बंद, पॅडलं खाली.

चढताना धोका पुढच्या टोकाला असतो: समोरचा फेंडर दरवाज्याच्या लाकडाखाली अडकतो आणि पाणी वर येत राहतं. टिलरवाल्याने नजर पुढे ठेवायची. अडकलं तर वरची पॅडलं बंद, मग खालची उघडा, पाणी उतरू द्या.

### खाली उतरताना (क्लेडनचे ५ लॉक आणि पुढचे)

१. लॉक भरलेलं हवं. खालचे दरवाजे आणि पॅडलं बंद.
२. वरचा दरवाजा उघडा, आत या, दरवाजा आणि पॅडलं बंद.
३. आता काठावरची पांढरी रेघ शोधा. वरच्या दरवाज्याखाली दगडी उंबरठा असतो, त्याला सिल म्हणतात. भरलेल्या लॉकमध्ये तो दिसत नाही. पाणी उतरलं की उघडा पडतो. नावेचा मागचा भाग, सुकाणूसकट, त्या रेघेच्या पुढे हवा.
४. टिलरवाल्याची खूण झाल्यावरच खालची पॅडलं उघडा, आधी अर्धी.
५. रिकामं होईपर्यंत नाव रेघेपुढे धरून ठेवा. ती मागे सरकते, पुन्हा पुढे घ्या.
६. पातळी सारखी झाली की खालचा दरवाजा उघडा, बाहेर या, सगळं बंद करा.

इशारा: मागचा भाग सिलवर टेकला तर पाणी उतरत जातं तशी नाव पुढे कलते आणि काही मिनिटांत पाणी आत घेते. कलताना दिसली की विचार करत बसायचं नाही: खालची पॅडलं बंद. मग वरचं पॅडल हळूहळू उघडून लॉक पुन्हा भरा. हा क्रम पॅडलवर असलेल्या प्रत्येकाला तोंडपाठ हवा. लॉक रिकामं होत असताना केबिनमध्ये कोणी झोपलेलं किंवा स्वयंपाक करत असू नये.

इशारा: उतरताना दोर कधीही गाठ मारून बांधू नका. नाव खाली जाते, दोर नाही.

तपासा, लॉक सोडताना: दोन्ही टोकांची पॅडलं खाली? दरवाजे बंद? विंडलास हातात? काठावर कोणी राहिलं नाही ना?

## ७. नाव बांधणं

टोपाथच्या, म्हणजे पायवाटेच्या बाजूला, पाटी नसेल तिथे सहसा चौदा दिवसांपर्यंत फुकट थांबता येतं. गावांजवळ पाट्यांवर कमी मुदत लिहिलेली असते. लॉकच्या अलीकडचा-पलीकडचा धक्का, पाण्याचा नळ, विंडिंग होल, वळण आणि पुलाखालची जागा इथे थांबायचं नाही.

पुढचं टोक तिरकं काठाला लावा, रिव्हर्सने थांबवा, आणि मधला दोर हातात घेऊन पाऊल टाकून उतरा, उडी मारू नका. मग पुढचा आणि मागचा दोर नावेपासून दूर, तिरके नेऊन बांधा. पत्र्याचा काठ असेल तर आकडे वापरा, ते खुंट्यांपेक्षा पक्के. खुंटी ठोकायची तर पायवाटेच्या पाण्याकडच्या कडेला, आणि तिच्यावर पांढरी पिशवी अडकवा, सायकलवाल्याला दिसावी म्हणून. मधला दोर रात्री सैल ठेवा. तो ताणून बांधला तर जवळून नाव गेली की तुमची नाव कलते आणि ओट्यावरचं सगळं खाली येतं.

रात्री आठ ते सकाळी आठ इंजिन बंद.

## ८. रोजची कामं

सकाळी, इंजिन सुरू करण्याआधी: तेल, पाणी. ट्रस्टचा नळ दिसला की टाकी भरून घ्या, अर्धा-पाऊण तास लागतो, तेवढ्यात नाश्ता उरकतो. संध्याकाळी, थांबल्यावर: स्टर्न ग्रीसर घट्ट लागेपर्यंत फिरवा.

नाव अचानक मंदावली आणि मागे पाणी जास्त घुसळतंय असं दिसलं तर पंख्यात काहीतरी अडकलं आहे. इंजिन बंद करा, किल्ली काढून खिशात ठेवा, मगच वीड हॅच उघडून हात घाला. हातमोजे घाला, कारण बहुधा तार किंवा प्लास्टिक असतं. झाकण परत बसवताना घट्ट आवळा. ते सैल राहिलं तर इंजिन चालू केल्याबरोबर पंखा पाणी आत फेकतो, आणि डेकखाली ते कोणाला दिसत नाही.

## ९. नॅप्टन–बनबरी, दिवसावार

दिवस १: ताबा, तासभर सराव, लॉकच्या पायथ्याशी मुक्काम. आजच चढायचा मोह टाळा.

दिवस २: सकाळी ताजे असताना नऊ लॉक. शेवटचे दोन मार्स्टन डोल्सला. पुढे माथ्याचा ११ मैलांचा सपाट भाग सुरू होतो, एकही लॉक नाही, पण वळणं अखंड. वर्मलीटनच्या टेकडीला कालवा तीन बाजूंनी वळसा घालतो. आई-बाबांच्या हाती टिलर द्यायचा असेल तर याच भागात द्या. तिथेच कुठेतरी मुक्काम.

दिवस ३: फेनी कॉम्प्टनच्या "बोगद्यावर" छप्पर राहिलेलं नाही, पण अरुंदपणा आहे, समोर नाव असेल तर बाहेर थांबा. मग क्लेडनचे पाच लॉक उतरा. क्रोप्रेडीत मुक्काम. ऑगस्टमध्ये इथे मोठा संगीत महोत्सव भरतो, तेव्हा जागा मिळत नाही; तारखा आधी बघा.

दिवस ४: बनबरी, तीन तासांच्या आत. कालवा बाजारपेठेतूनच जातो. भाजी, दूध, धुणं, सगळं आज उरका.

दिवस ५ ते ७: परत. आता क्लेडनला चढ आणि नॅप्टनला उतार, म्हणजे सिलचा धोका दुसऱ्या दिवशी चढलेल्याच लॉकवर येतो. "हे तर आपण केलेले लॉक" म्हणून क्रम सोडू नका. सातव्या दिवशी दुपारपर्यंत नॅप्टन उतरून घ्या. वरच्या लॉकना कुलूप लागायच्या वेळी तुम्ही माथ्यावर असाल तर सकाळी नऊला तळावर पोचणं अशक्य.

दिवस ८: सहाला उठा, सामान आधीच भरलेलं असू दे. फ्रिज रिकामा, कचरा बाहेर, विंडलास मोजून जागेवर. झालेली खरचट स्वतःहून दाखवा आणि निघताना काढलेले फोटो समोर ठेवा. अनामतीचा हिशेब तिथेच लेखी घ्या.